पोट लहान झालं, ताट तेवढंच

साशंक : ताई, तुमची तब्येत सुधारली याचा मला आनंदच आहे. पण माझी शंका त्यानं जात नाही. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेच्या जाहिरातीत कायम दोन फोटो असतात, आधीचा आणि नंतरचा. त्या दोन फोटोंच्या मधल्या काळात माणूस काय खात होता, काय गिळता येत नव्हतं, नंतरच्या फोटोला पाच वर्षं झाल्यावर तो कसा दिसत होता, हे कोणी दाखवत नाही. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि तो परत जोडता येत नाही. आपलं नागपूर सकाळी तर्री-पोह्यांनी जागं होतं, लग्नाकार्यात वडाभात आणि पाटवडी-रस्सा वाढतं, पाहुण्याला सावजीच्या रश्श्याला घेऊन जातं. खाण्यापिण्याची सगळी व्यवस्था तशीच ठेवायची आणि माणसाचं जठर मात्र कापायचं, हा उपाय मला उलटा वाटतो. आजार ताटात असेल तर ताट बदला. पोटाला हात कशाला?

अनुभवी : भाऊ, आजार फक्त ताटात असता तर ताट बदलून तो गेला असता. वजन कमी करायचे सगळे मार्ग मी धरून पाहिले होते. भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं, अंबाझरीच्या बागेत पहाटे चालले. दर वेळी वजन उतरायचं आणि दर वेळी थोडं जास्त होऊन परत यायचं. लोक म्हणायचे, मनावर ताबा नाही. खरी गोष्ट अशी की वजन उतरू लागलं की शरीर ते वाचवायला धावतं. भूक वाढवतं, खर्च कमी करतं. भुकेचा निरोप देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तोच भाग निघतो. शिवाय अन्न आतड्यात लवकर उतरायला लागल्यामुळे पोट भरल्याचा निरोप देणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरकं वाढतात. म्हणजे फक्त पिशवी लहान होत नाही, भुकेचं बोलणंही बदलतं. शस्त्रक्रियेनंतर आयुष्यात पहिल्यांदा मला जेवणाची वेळ टळून गेल्याचं घड्याळाकडे पाहून कळलं. तुम्हाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. जन्मभर भुकेशी भांडलेल्या माणसाला ती सुटका वाटते.

आणि नागपूरकरांना हा विषय परका नाही. नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना २०११ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत त्यांची वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि बातमी उघडपणे छापून आली. २०१४ मध्ये तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटलींची दिल्लीत झाली. मोठ्या माणसांनी लपवलं नाही, म्हणून माझ्यासारखीला घरात विषय काढायचं बळ आलं.

साशंक : विषय उघड झाला, हे चांगलंच. पण मोठ्या माणसांची उदाहरणं अर्धीच कळतात. त्यांच्यामागे डॉक्टर असतात, आहारतज्ज्ञ असतात, स्वयंपाकाला माणसं असतात. इतवारीतल्या दुकानदाराच्या किंवा महाल भागातल्या शिक्षिकेच्या घरी ती सोय नसते. तिथे शस्त्रक्रियेनंतरची बाई स्वतःचं पातळ वरण स्वतःच गाळते आणि त्याच ओट्यावर बाकीच्यांच्या पोळ्या लाटते. म्हणून तुम्हीच सांगा, रोजचं खाणं खरंच कसं होतं? यशाची गोष्ट नको, जेवणाची सांगा.

अनुभवी : सांगते. सुरुवातीला फक्त पाणी, नारळपाणी, डाळीचं गाळलेलं पाणी. मग दूध, ताक, पातळ सूप. त्यानंतर मिक्सरमधून काढलेलं मऊ वरण, घोटलेली भाजी. मग मऊ अन्न, आणि दोन-एक महिन्यांनी साधं जेवण. उरलेल्या जठरात सुरुवातीला साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावतं, म्हणजे चहाचा एक लहान कप. गॅस्ट्रिक बायपास या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराची वर ठेवलेली पिशवी तर ३० मिलिलिटरच्या आसपास असते. एवढ्याशा जागेत दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं बसवायची असतात. म्हणून ताटातला क्रम बदलतो. आधी अंडं, पनीर, मुगाचं घट्ट वरण किंवा मासा, मग भाजी, जागा उरली तर पोळीचा तुकडा. आपल्याकडे जेवण म्हणजे पोळी-भात आणि बाकी सगळं तोंडी लावायला. तो हिशोब उलटा करावा लागतो.

घास लहान घ्यायचा, अगदी लगदा होईपर्यंत चावायचा, मधे चमचा खाली ठेवायचा. मला पोट भरल्याची खूण नाकात येते. एकदम नाक वाहू लागतं किंवा एक उचकी येते. तिथे थांबायचं. त्यानंतरचा एक घास जरी घेतला, तरी छातीच्या हाडामागे दगड अडकल्यासारखं होतं, तोंडात फेसाळ लाळ जमते आणि शेवटी ते वर येतं. पंगतीतून उठून मोरीकडे धावायची वेळ आली आहे माझ्यावर. मऊ भात आणि ताजी पोळी यांचा अजूनही भरवसा नाही, तुकडे आत गोळा होतात. संत्र्याची फोड खायची तर वरचं पांढरं सालपट सोलून आतला गर तेवढा.

सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर पाणी. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही आणि कधीच घटाघटा नाही. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, बाहेरून आल्यावर हातात माठातला गडू, आणि प्यायचं घोट-घोट. दिवसभरात दीड-दोन लिटर भरायचं तर दिवसभर बाटली सोबत बाळगावी लागते. ज्या दिवशी विसरले, त्या दिवशी संध्याकाळी चक्कर आली.

साशंक : बघा, तुम्ही इतक्या सहज सांगितलंत, पण यातल्या प्रत्येक वाक्यात काहीतरी हरवलेलं आहे. आपल्याकडे जेवण म्हणजे नुसतं पोषण नसतं. घरी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ न देणं, पंगतीत आग्रहाचा एक घास घालणं, सासरहून आलेल्या लेकीला तिच्या आवडीची सांबारवडी करून खाऊ घालणं, ही आपली प्रेमाची भाषा आहे. तुम्ही दोन घासांत थांबता तेव्हा समोरच्याला वाटतं, हिला आवडलं नाही. आणि तुम्हाला वाटतं, मी यांच्यातली राहिले नाही. खाण्याचा आनंद हा आरोग्याच्या बदल्यात देऊन टाकायचा किरकोळ ऐवज आहे, असं मला वाटत नाही. आयुष्य लांबलं, पण त्यातली चव कमी झाली, तर हा सौदा कोणी ठरवायचा? डॉक्टरांनी?

अनुभवी : ज्याचं शरीर आहे त्यानं. पण तुम्ही मांडलेला हिशोब पुरा नाही. पूर्वी मी पंगतीत भरपूर खायचे, पण आनंदानं खात होते असं कोणी सांगितलं? माझ्या ताटाकडे लोकांचे डोळे असायचे. दुसऱ्यांदा भात मागितला की कोणीतरी नजर टाकायचं. म्हणून लोकांसमोर कमी आणि घरी आल्यावर फ्रिजसमोर उभं राहून जास्त, असं चालायचं. त्या खाण्यात चव कुठे होती? आता मटणाचे दोन तुकडे घेते, रस्सा नाही, लंबी रोटी नाही, पण ते दोन तुकडे मी लक्ष देऊन खाते. गुडघे न दुखता रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्या चढते. झोपेत श्वास अडकायचा, ते थांबलं. इन्सुलिन सुटलं. हाही आनंदच आहे, फक्त तो पानात वाढता येत नाही.

तरी तुमचा मुद्दा मी पूर्ण खोडत नाही. काहीतरी जातंच. दिवाळीत बहिणीनं केलेला अनारसा एक तुकडा खाऊन ठेवला, तेव्हा तिचा चेहरा उतरला. त्या वेळी मला डॉक्टरांनी सांगितलेलं कोणतंही वाक्य उपयोगी पडलं नाही. शस्त्रक्रिया माझी झाली होती, पण सवय सगळ्या घराला करून घ्यायची होती आणि त्यांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं.

साशंक : आता मुळाशी जाऊ. एवढं सगळं करून वजन टिकतं का? स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लोकांचा अभ्यास चालू आहे. त्यात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. शस्त्रक्रियांच्या सगळ्या प्रकारांत मिळून, ज्यांना मधुमेह होता त्यांपैकी ७२ टक्के दोन वर्षांनी त्यातून बाहेर होते, दहा वर्षांनी ३६ टक्केच उरले. म्हणजे बाहेर पडलेल्यांपैकी निम्म्या लोकांचा मधुमेह परत आला. जाहिरातीत पहिला आकडा असतो, माणसाला जगायचं असतं दुसऱ्या आकड्यासोबत. आणि वजन परत येतं तेव्हा दोष कोणाला? शस्त्रक्रियेला नाही. पुन्हा त्या माणसालाच. आधी तो आळशी होता, आता तो शस्त्रक्रिया वाया घालवणारा ठरतो.

अनुभवी : आकडे बरोबर आहेत, त्यांचा अर्थ मी वेगळा लावते. दहा वर्षांनी २५ टक्के घट टिकणं ही लहान गोष्ट नाही. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया न झालेल्यांचं वजन जवळजवळ होतं तिथेच राहिलं. आणि पुढे २०२० मध्ये आयुर्मानाचा हिशोब आला, तेव्हा शस्त्रक्रिया झालेले लोक न झालेल्या लठ्ठ लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगताना दिसले. मधुमेह दहा वर्षांनी परत आला तरी मधली दहा वर्षं डोळे, मूत्रपिंड, पाय वाचले, ती वर्षं फुकट गेली नाहीत.

पण परत येणाऱ्या वजनाबद्दल तुम्ही बोललात ते मला लागलं, कारण ते खरं आहे. वर्ष-दीड वर्षानं भूक हळूहळू परत येते. तेव्हा एक गोष्ट ध्यानात येते, जी आधी ठळकपणे सांगायला हवी होती. ज्याला पोळी अडते त्याला आइस्क्रीम अडत नाही. चिवडा, शेव, बिस्किटं, गोड चहा हे सगळं अलगद उतरतं, पोटात राहत नाही आणि दिवसभर थोडं-थोडं तोंडात जात राहतं. वजन वाढवणारं अन्न सोपं आणि पोट भरणारं अन्न अवघड, अशी स्थिती असते. बायपासवाल्यांना गोडाचा वेगळा त्रास. संत्रा बर्फीचे दोन तुकडे किंवा उसाच्या रसाचा ग्लास गेला की अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळा, जुलाब. कधी दोन-तीन तासांनी साखर एकदम खाली येऊन हातपाय थरथरतात. तो त्रास काहींना गोडापासून वाचवतो. पण त्रासाच्या भीतीवर माणूस किती वर्षं खाणार? शेवटी शिकूनच खावं लागतं.

साशंक : म्हणजे मी म्हणत होतो तिथेच आपण आलो. शेवटी खाणं शिकावंच लागतं. मग आधीच का नाही शिकवत? आणि शिकवणं फक्त जेवणाचं नाही. या शस्त्रक्रियेनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर बघावं लागतं. आपल्याकडे शाकाहारी माणसांचं बी-१२ आधीच कमी असतं. लोहाची गोळी चहासोबत घेतली की उपयोग कमी, कॅल्शियमसोबत घेतली तरी कमी. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा म्हणावं, तर इथे चहा दिवसातून चारदा. सारख्या उलट्या होत राहिल्या आणि थायमिन संपलं, तर मेंदूला इजा होऊ शकते, चालणं अडखळतं, डोळ्यांना दोन-दोन दिसतं. बायपासनंतर गुडघेदुखीच्या साध्या गोळ्या जठर आणि आतड्याच्या जोडाजवळ अल्सर करू शकतात. विम्याचे नियमही बघा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४० किंवा गंभीर आजार असेल तर ३५, आणि बाकी उपाय थकले असतील, तर विमा शस्त्रक्रियेचे पैसे देतो. पुढच्या गोळ्या, रक्ततपासण्या, आहारतज्ज्ञ, हे सगळं सहसा खिशातून. एका दिवसाचा खर्च विम्याचा, जन्माचा खर्च घरचा.

अनुभवी : याला माझ्याकडे उत्तर नाही, दुजोरा आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझे केस मुठीमुठीनं गळले. वजन झपाट्यानं उतरलं की असं होतं आणि पुढे बहुतेकांचे परत येतात, हे मला माहीत होतं, तरी कंगव्याकडे बघवत नव्हतं. पोटाची, दंडाची कातडी लोंबली. चेहरा ओढला गेला. बर्डीवर भेटलेल्या ओळखीच्या बाईनं विचारलं, ‘शुगर लागली का हो तुम्हाला? किती उतरल्या!’ लठ्ठ होते तेव्हा बोलणं होतं, बारीक झाले तेव्हाही बोलणंच.

आणि मनाचं कोणी विचारत नाही. पूर्वी त्रास झाला की मी खायचे. आता खाता येत नाही, पण त्रास तर होतोच. तो कुठे जाणार? बायपासनंतर दारू फार लवकर चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचं प्रमाण आधीपेक्षा वाढलेलं दिसलं, ७.६ टक्क्यांवरून ९.६. स्वीडनच्याच अभ्यासातल्या लोकांत एकट्या असलेल्यांची लग्नं जास्त जुळली आणि जोडप्यांची ताटातूटही जास्त झाली. शरीर बदललं की नात्यांचीही घडी बदलते. म्हणून मी म्हणते, सर्जनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाची भेट हवी आणि नंतरही हवी.

साशंक : तुम्ही एवढं कबूल करता, म्हणून पुढचं विचारतो. २०२२ मध्ये सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मर्यादा खाली आणली. आशियाई लोकांना बीएमआय २७.५ च्या वर असेल तर ही शस्त्रक्रिया देऊ करावी, असं त्या म्हणतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन ७० किलोच्या थोडं वर गेलं की ती या रेषेच्या आत येते. आपल्या पाहुण्यारावळ्यांत अशा किती जणी आहेत बघा. तुमच्यासारख्या इन्सुलिनवर असलेल्या, रात्री श्वास अडणाऱ्या माणसाचं मी समजू शकतो. पण ही रेषा ७० किलोवर आली की उपचार आणि रूप यांच्यातली सीमा पुसली जाते. लग्नाआधी मुलीचं जठर कापून घेणारे आईबाप मला दिसायला लागतात.

अनुभवी : ती भीती खोटी नाही. पण रेषा खाली आणण्यामागचं कारणही समजून घ्या. आपल्या लोकांत कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर जडतो. युरोपातल्या माणसाची मोजपट्टी आपल्याला लावली, तर आपला माणूस पात्र ठरेपर्यंत त्याची मूत्रपिंडं गेलेली असतात. रेषेच्या आत आलेल्या प्रत्येकाला कापा, असं त्यात म्हटलेलं नाही. त्याला दार बंद करू नका, एवढंच आहे. आणि आता वजन घटवणारी औषधंही आली. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो, जूनमध्ये वेगोव्ही भारतात मिळू लागलं. अनेकांना आधी ती घेऊन पाहता येतील.

साशंक : औषधं बंद केली की वजन परत, म्हणजे तीही जन्मभराचीच. आणि तीही भूकच मारतात. फरक एवढा की ती थांबवता येतात. माझ्या मते ज्या गोष्टीतून मागे फिरता येत नाही, तिथे पुरावा जास्त मागायला हवा.

अनुभवी : मधुमेहानं कापलेला पायही परत जोडता येत नाही, भाऊ. काहीच न करण्यातूनही मागे फिरता येत नाही. इथे आपलं जुळणार नाही आणि जुळवायची घाईही नको. तुम्ही न परतणाऱ्या चाकूला भिता, मी न परतणाऱ्या आजाराला. कोणती भीती मोठी, हे एकेका माणसाच्या तपासण्यांवर ठरतं, दोघांच्या वादावर नाही.

साशंक : मान्य. पण मग यशाचं माप तरी बदला. २०१७ मध्ये इजिप्तच्या अतिलठ्ठ इमान अहमदला उपचारासाठी मुंबईत आणलं, तेव्हा सगळ्या देशानं तिचे किलो मोजले. पुढे तिच्या बहिणीनं उपचारांवर शंका घेतली, डॉक्टरांनी ती नाकारली, वाद वजनाच्या आकड्यापर्यंत गेला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि त्याच सप्टेंबरमध्ये ती गेली. आजारांनी वेढलेली एक बाई आपल्यासाठी वजनाचा काटा होऊन बसली होती. ‘किती उतरलं’ या प्रश्नाशिवाय आपल्याला दुसरा प्रश्न सुचत नाही. शस्त्रक्रिया झालेला माणूसही स्वतःला तेवढंच विचारतो, आणि काटा वर सरकला की तोंड लपवतो.

अनुभवी : हे मात्र अगदी खरं, आणि माझं सगळं सांगणं याच्यापुढे लहान आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी तपासणीच्या दिवशी सगळे हसतमुख दिसतात. ज्यांचं वजन परत वाढायला लागतं ते यायचे बंद होतात. सांगायला लाज वाटते. आणि ज्याला बी-१२ ची, लोहाची, समजून घेणाऱ्या माणसाची सर्वात जास्त गरज असते, तोच सुटून जातो. म्हणून या वाटेवर असलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी घरातल्या ज्या माणसाच्या हातात स्वयंपाक आहे, त्याला आहारतज्ज्ञांसमोर बसवा. पुढच्या पाच वर्षांच्या तपासण्यांचा आणि गोळ्यांचा खर्च कागदावर मांडा. तो झेपणार नसेल तर थांबा, पण उपचार सोडू नका. आणि शस्त्रक्रिया होऊन गेली असेल, वजन परत आलं असेल, तर ते पाप नाही, आजाराचं लक्षण आहे. पुढची तपासणी चुकवू नका.